फक्कीचा गाडा आणि दोरीची गाठ

मित्रांनो, मैदानावरून खेळून घरी गेलात आणि पायाला पांढरी भुकटी लागलेली बघून आईने दारातच "आधी पाय धू!" म्हणून ओरडा केला, असं तुमच्याही बाबतीत कधी तरी झालं असेलच. त्या ओरड्याचा खरा धनी मी. मी एक जुना फक्कीचा गाडा आहे. शर्यतीच्या आधी मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ना, त्या मारणारा. त्या पांढऱ्या भुकटीलाच आमच्याकडे फक्की म्हणतात. माझ्या पत्र्याच्या पोटात फक्की भरायची आणि मागून ढकलायचं. चाकं फिरली की पोटातला ब्रश फिरतो आणि खालच्या फटीतून रेघ पडते. काम एवढंच. पण ती रेघ नसेल तर कोण जिंकलं नि कोण हरलं हे भांडूनच ठरवावं लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. कारागिराने मला घाईघाईत ठोकला. चाकं लहान मुलांच्या मोडक्या तीनचाकीची, दांडा कुठल्याशा जिन्याच्या कठड्याचा. त्यातलं डावं चाक पहिल्या दिवसापासून चळतं. मी चाललो की असा खडखडाट होतो की झाडावरचे कावळे उडतात. टेम्पोतून मला मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर उतरवलं, तेव्हा खेळाच्या शिक्षिका मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "हा गाडा आहे की खुळखुळा? परत पाठवा." मला इतकं लागलं म्हणून सांगू! अजून एक रेघ मारली नव्हती आणि लगेच परत पाठवायची भाषा!

तेव्हा मैदानाचे शिपाई सीताराम परब पुढे झाले. त्यांनी खिशातून तार काढली, चाकाला दोन वेढे दिले आणि म्हणाले, "रवांदे मॅडम. आवाज करता ता बरा. पोरां वाटेतून बाजूक तरी होतली." असा माझा पहिला कैवारी. सगळी शाळा त्यांना सीताराम काका म्हणायची. गाव मालवणकडचं, पण सारा जन्म मुलुंडात गेलेला. मैदानाच्या कडेला एक खोली होती, तिथे ते आणि काकी राहायचे. पोटी मूलबाळ नव्हतं. काकींना कोणी त्यावरून खोचक विचारलं की त्या मैदानाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ही काय, वाडगाभर पोरं सांडलीत!"

आता जरा नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट या एका कामावर उभी आहे. धावण्याचा मार्ग दोन्ही टोकांना गोल वळतो. ते वळण डोळ्यांनी मारता येत नाही. त्यासाठी मधोमध एक खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक माझ्या दांड्याला अडकवायचं आणि दोरी ताठ ठेवून मला फिरवायचं. दोरी जेवढी, तेवढं वळण. दोरी लांब झाली की फेरी मोठी, दोरी आखूड झाली की फेरी लहान. काकांची दोरी सुंभाची होती, तेल लावून मऊ केलेली. तिला ते कोणाला हात लावू देत नसत.

दिवाळीनंतर मैदान वाळलं की पहिली रेघ मारायचा दिवस यायचा. त्या दिवशी काका नारळ फोडायचे आणि आपल्या गावच्या पद्धतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. पोरांना त्याची भलती मजा वाटायची, कारण प्रत्येक वाक्याला ओरडायला मिळायचं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या मैदानार पयली रेघ मारतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी काय इडापिडा आसात ती दूर कर, पोरांच्या पायाक बळ दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यात मोठा आवाज एका काळ्यासावळ्या, काटकुळ्या मुलीचा असायचा. तिचं नाव अबोली साळवे. नाव अबोली, पण तोंड एक मिनिट बंद नसायचं. नाव ठेवणाऱ्याने जरा घाई केली, असं माझं मत. तिची आई राधा पोस्टात होती. माणसं मूळ हिंगोलीकडची. आई सुटेपर्यंत ही मैदानावर हुंदडायची. पहिल्याच वर्षी ती काकांना म्हणाली, "काका, आमच्या घरात देवाला नारळ नाही फोडत. आम्ही बुद्धवंदना म्हणतो. नारळाची फक्त चटणी होते."

"मगे चटणी घेवन ये," काका म्हणाले. "माका चालता, देवाकय चालता."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी ती डबीभर चटणी घेऊन आली! तेव्हापासून त्या दोघांचं जमलं ते जमलंच. जिला कोणी हात लावायचा नाही, त्या दोरीचं टोक धरायचा मान अबोलीला मिळाला. काका तिला सांगायचे, "दोरी सैल सोडू नको गो चेडवा. दोरी सैल पडली की रेघ लबाड होता. आणि रेघ लबाड झाली की धावणारो फसता." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या पत्र्यावर कोरलं असतं तरी चाललं असतं.

त्या रेघांवर अबोली धावायला लागली. आधी मधल्या सुट्टीत, मग शाळेच्या स्पर्धेत, मग मृणालिनी मॅडमनी तिला हाताशी धरलं. मॅडमनी तिला आठशे मीटरसाठी तयार केली. ही शर्यत मोठी अवघड बरं का. शंभर मीटरमध्ये नुसतं सुसाट सुटायचं असतं, मॅरेथॉनमध्ये दम राखायचा असतो. आठशे मीटरमध्ये सुटायचंही आणि दमही राखायचा. शेवटच्या वळणावर पाय नको म्हणतात आणि तेव्हाच त्यांना हो म्हणायला लावायचं. अबोली ते शिकली ती माझ्या पांढऱ्या रेघांवर. मी हे फुशारकीने सांगतोय हे मला कळतंय, पण म्हाताऱ्या माणसाला तेवढी सूट असते.

ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात, मग देशात. मोठ्या शिबिरात तिची निवड झाली आणि ती घर सोडून लांब गेली. तिथे लाल रबरी ट्रॅक होता, त्याला फक्की लागत नाही म्हणे. मला ऐकून जरा वाईटच वाटलं. पण सुट्टीला आली की ती सरळ माझ्याकडे यायची, माझ्या पत्र्यावर टपली मारायची आणि म्हणायची, "काय खुळखुळ्या, बरा आहेस ना?" मॅडमनी दिलेलं नाव तेवढं हिच्या तोंडून गोड लागायचं.

आणि मग तो दिवस आला. अबोली ऑलिंपिकला गेली! मुलुंडभर तिचे फलक लागले. तिच्या शर्यतीच्या वेळी काका, काकी, राधाताई, मॅडम आणि दहा-वीस पोरं आमच्या सामानाच्या खोलीत जमली. मोबाइल कशाला तरी टेकवायला हवा, म्हणून काकांनी तो माझ्याच अंगाला टेकवला. झालं! साऱ्या जगाने ती शर्यत पाहिली आणि मी तेवढा राहिलो. मला दिसली ती फक्त बघणाऱ्यांची तोंडं. पण खरं सांगतो, तोंडांवर शर्यत स्पष्ट दिसत होती. आधी सगळे डोळे मोठे झाले. मग काकींनी पदर तोंडात धरला. मग शेवटच्या वळणावर काकांचा चेहरा असा आवळला की तेच धावतायत असं वाटावं. आणि मग सगळे गप्प झाले. अबोली आठ जणींत सातवी आली होती. पहिल्याच फेरीत तिची स्पर्धा संपली.

राधाताई रडायला लागल्या. काका मात्र ताडकन उठले नि म्हणाले, "रडतास कित्याक? थंय पोचलां ना आमचा चेडू! पुढच्या खेपेक पुढे जातला." पुढच्या वेळेचं ते बोलणं तिथेच सुरू झालं, आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही.

ती परत आली तेव्हा मैदानावर मांडव पडला, भाषणं झाली. मांडवाच्या खांबांनी माझ्या रेघांची पार वाट लावली, तो भाग वेगळा. अबोली बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "माझा पहिला ट्रॅक सीताराम काकांनी मारला. ती रेघ कधी लबाड नव्हती." पोरांनी हौसेने माझ्या दांड्याला झेंडूची माळ घातली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता. त्यानंतर तसा दिवस आला नाही.

पुढच्या वर्षी अबोलीच्या नडगीत दुखायला लागलं. आधी धावल्यावर, मग चालतानाही. शिबिरात नव्या मुली आल्या होत्या. तिला सांगण्यात आलं, बरी झालीस की ये. ती बरी झाली असं तिने कळवलं, पण तिला कोणी बोलावलंच नाही. उगवत्या सूर्याला नमस्कार करायची रीतच आहे, त्यात नवल ते काय!

त्याच दरम्यान काकी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. काका खोलीत बसून राहायला लागले. मैदानावर येईनात, जेवेनात. सकाळचा चहा आणि चहात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर, एवढ्यावर दिवस काढायचे. राधाताई डबा ठेवून जायच्या, तो तसाच परत जायचा. शाळेने रंग फवारायचं नवं यंत्र आणलं होतं, त्यामुळे माझीही कोणाला आठवण नव्हती. माझं चळतं चाक गंजून जाम झालं. मी आणि काका, दोघेही भिंतीला टेकून बसलो होतो म्हणा ना.

मग एके दिवशी अबोली आली. काकांच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, उठा. रेघ मारा. मला अजून एकदा ऑलिंपिकला जायचंय."

 काका उठले. माझ्या चाकात तेल घातलं, दोरी काढली, खुंटी ठोकली. रेघ मारून झाल्यावर राधाताईंनी मैदानावरच डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, सुकटाची चटणी. काका जेवले. पोटभर जेवले, आणि वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. अबोलीने ते पाहिलं, आणि मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाटे धावायला लागली, मग नोकरीवर जायची. काका हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे. पण मित्रांनो, पाय पूर्वीचे राहिले नव्हते. काका वेळ सांगायचे आणि तिचा चेहरा पडायचा. रोज तेच. एका सकाळी ती पायरीवर बसली, गुडघ्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "काका, संपलं बहुतेक माझं."

 त्या रविवारी संध्याकाळी, ती नसताना, काकांनी जुनी रेघ खराट्याने पुसली, वर पाणी मारलं. मग दोरी हातात घेतली. दोरीकडे कितीतरी वेळ नुसते बघत उभे होते. आणि मग त्यांनी दोरीच्या मधोमध एक गाठ मारली.

माझ्या पोटातली फक्की जागच्या जागी गोठली! गाठ मारली म्हणजे दोरी आखूड झाली. दोरी आखूड म्हणजे फेरी लहान. म्हणजे अबोली तेवढ्याच वेगाने धावली तरी घड्याळ तिला सांगणार, बाई गं, तू सुधारलीस! ज्या माणसाने जन्मभर लबाड रेघेचा राग केला, तोच आज वाकून, डोळे पुसत, लबाड रेघ मारत होता. मी नेहमीपेक्षा जास्त खडखडलो. पण खडखडाटाला कोण विचारतो!

सोमवारी अबोली धावली. पहिल्या वळणावर ठीक होती. दुसऱ्या वळणावर तिचा पाय किंचित अडखळला. तिने खाली रेघेकडे पाहिलं, मग मधल्या खुंटीकडे. जिचे पाय लहानपणापासून त्या वळणावर वाढले, तिला ते कळणार नाही होय? धावणं संपवून ती काकांसमोर आली. काका घड्याळ पुढे करून उभे होते. त्यांच्या तोंडावर असं हसू होतं की देवालाही खोटं पाडवलं नसतं.

अबोलीने तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मग म्हणाली, "झकास, काका! आज पाय मोकळे झाले ना!"

"माका ठावक होता!" काका म्हणाले. त्या दिवशी ते तिच्या घरी जाऊन दोन वेळा जेवले.

नंतर काका चहा आणायला गेले तेव्हा अबोली सामानाच्या खोलीत आली. तिने दोरी उचलली. बोटांनी चाचपत चाचपत ती गाठीपर्यंत आली. गाठ तिने मुठीत धरली, तशीच उभी राहिली, आणि दोरी होती तशी खुंटाळ्याला लावून टाकली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तिने तेव्हाच ती गाठ सोडली असती तर!

मग हे असंच सुरू राहिलं. दर रविवारी गाठ थोडी मोठी व्हायची. काकांना वाटायचं, हिचा धीर टिकलाय तो माझ्या गाठीमुळे. अबोलीला वाटायचं, काका जेवतायत ते माझ्या धावण्यामुळे. दोघेही एकमेकांसमोर हसायचे. आणि दोघांचंही खरं ठाऊक असलेला मी एकटा, मला तोंड नाही.

नडगी मात्र कोणाच्या भिडेला बधत नव्हती. एका सकाळी काका फक्की आणायला गेलेले असताना राधाताई तरातरा मैदानावर आल्या.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंस का काकांना?"

"आई, हळू बोल ना."

"हळू काय बोलू? हाडाला तडा गेलाय म्हणाले. धावणं बंद केलं नाही तर मोडेल म्हणाले. चेंबूरपर्यंत काय मी फिरायला आले होते तुझ्यासोबत?"

"पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे. तेवढी पळते. नाही होणार निवड, मला माहितीय. हरले की घरी येईन, काका म्हणतील नशीब खराब. तेवढ्यावर भागेल. आत्ता मधेच थांबले तर ते परत त्या खोलीत जाऊन बसतील, आई. काकींच्या वेळचं तू बघितलंयस ना?"

"आणि तुझं काय गं?"

अबोली बुटाची नाडी आवळत राहिली. थोडीशी आशा तिलाही होती, खोटं कशाला सांगू. ऑलिंपिक एकदा बघितलेल्या पायांची आशा अशी पटकन मरत नाही. राधाताई डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात काका फक्कीची गोण घेऊन आले आणि म्हणाले, "काय राधाताय, चेडवाक बघूक इलास? बघा, कसा वाऱ्यावांगडा धावता!" राधाताई मान डोलावून निघून गेल्या. त्यांनाही भीड पडली.

चाचणीला निघायच्या आदल्या सकाळी काकांनी ताजी रेघ मारली होती. "आज पुरी आठशे धाव. मनात काय ठेवू नको," ते म्हणाले. अबोली धावली. आणि काय धावली! मला एक क्षण जुनीच अबोली दिसली. शेवटच्या वळणावर तिने जोर लावला. तिथेच, माझ्या रेघेवर, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ती खाली कोसळली. गालाला, केसांना सगळी फक्की लागली.

सीताराम काकांना धावताना त्यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"चेडवा, रेघ खोटी होती गो! मी दोरीक गाठ मारलेली. तू रडतलंस म्हणून मारलेली. माका माफ कर गो बाये!"

अबोलीचे दात वेदनेने वाजत होते. ती म्हणाली, "माहीत होतं, काका. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

काका थिजले. "मगे धावलंस कित्याक?"

"तुम्ही जेवायला लागला होतात ना, काका."

 मृणालिनी मॅडमनी गाडी आणली, पोरांनी तिला उचललं, आणि मैदान रिकामं झालं. मी त्या अर्ध्या पुसलेल्या रेघेवर तसाच उभा राहिलो. मला कोणी आत न्यायलाही आलं नाही.

ऑपरेशन करून अबोलीच्या पायात धातूची पट्टी घातली. ती चालू लागली, पण धावणं कायमचं संपलं. कुबडी घेऊन ती रोज मैदानावर यायची, सोबत डबा आणायची. काका दोन घास खायचे, तेही तिने डोळे वटारले की. माझ्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. एकदा मात्र दोरी घेऊन तिच्याजवळ आले. तिच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "ती गाठ सोड गो. माझ्या हातान सुटणा नाय."

"राहू दे, काका. बघू नंतर."

"सोड म्हणतंय ना."

"बघू म्हटलं ना, काका."

तिला ती सोडवेना. का, ते मला कळत होतं. गाठ लबाड होती, पण काकांनी ती तिच्यासाठी मारली होती. तिने दोरी परत खुंटाळ्याला लावली. काकांनी आणखी एक-दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. पावसाळा संपता संपता काका गेले. झोपेतच गेले. शेवटची गाठ तशीच राहिली.

त्यानंतर मी सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांखाली गेलो. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. रंगाच्या यंत्राने क्रिकेटची खेळपट्टी तेवढी आखली जायची, धावायचा मार्ग कोणाला नकोच होता. दोन वेळा भंगारवाला मला उचलून वजन बघून गेला. मित्रांनो, एके काळी गळ्यात झेंडूची माळ पडलेल्या माझी ही दशा. मी मोडीत निघायची वाट बघत होतो.

या दिवाळीनंतर दार उघडलं. समोर अबोली, जरा लंगडत. तिच्या मागे पंधरा-वीस लहान पोरं, नुसता गलका. मृणालिनी मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी तिने या पोरांना शिकवायला घेतलं होतं. "काय खुळखुळ्या, बरा आहेस ना?" ती म्हणाली. आणि माझ्या पत्र्यावर टपली मारली.

तिने मला झाडलं, पुसलं, चाकाला तार गुंडाळली. मग दोरी काढली. गाठ आता दगडासारखी झाली होती. एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "ताई, कापून टाका ना! कात्री आणू?"

"कापली तर दोरी आखूडच राहील रे," अबोली म्हणाली. "ही सोडवावीच लागते."

ती पायरीवर बसली, जिथे एकदा गुडघ्यात डोकं घालून बसली होती तिथेच. नखांनी, मग दातांनी, मग परत नखांनी. पोरं कंटाळून पांगली, खेळून परत आली. अबोलीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मधेच पुटपुटली, "तुमच्या डोळ्यांसमोर सोडवायला हवी होती ना, काका. मीच नाही म्हटलं." अखेर गाठ सुटली. जिथे गाठ होती तिथे दोरी वाकडीच राहिली. तिने तेल लावून ती पुन्हा पुन्हा सरळ केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला तेल-पाणी करा, कोपऱ्यात फेकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी गोष्ट मला या दोन माणसांनी शिकवली. ज्याच्यावर जीव आहे त्याला वाईट वाटू नये म्हणून खोटी रेघ मारू नका. आणि रेघ खोटी आहे हे कळलं, तर गप्प बसून तिच्यावरून धावू नका. रडू येईल, येऊ द्या. गाठ ओली आहे तोवर ती सोडवा. वाळली की फार त्रास देते, आणि ज्याने सोडव म्हटलं तो तोवर थांबत नाही.

अबोलीने खुंटी ठोकली, दोरी बांधली, ताठ ओढून बघितली. नारळ नव्हता, पण डबीभर चटणी तिने खुंटीपाशी ठेवली. मग माझा दांडा धरून मोठ्या आवाजात म्हणाली, "बा सीताराम म्हाराजा!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तिने त्यांना काय म्हणायचं ते सांगितलं. मग सगळं मैदान दणाणलं, "व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या दोरीन पयली रेघ मारतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोरीक गाठ नाय, आणि रेघ खरी आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

 तिने मला ढकललं. डावं चाक चळलं, कावळे उडाले, आणि मी पूर्ण लांबीच्या वळणावर रेघ मारत निघालो.